काठापासून किती

लोकांची मापं काढणारी माणसं कुठल्या गावात कमी असतात? पण त्या कामाचा पगार घेणारी बाई त्या गावात एकच होती, आणि तिला सगळे टेपताई म्हणत. पाणीखात्यात ती मोजणीदार होती. दर सोमवारी सकाळी खांद्याला पिशवी, पिशवीत पन्नास मीटरचा टेप आणि नोंदवही, असा तिचा सरंजाम घराबाहेर पडे. खात्याच्या सहा विहिरी होत्या. एकेका विहिरीवर जायचं, टेप आत सोडायचा, पाणी काठापासून किती खाली आहे ते वाचायचं, लिहायचं आणि पुढची विहीर गाठायची. टेपच्या टोकाला उपड्या पेल्यासारखं पोकळ वजन होतं. ते पाण्याला टेकलं की डुबुक असा आवाज येई. बावीस वर्षं तिने हा आवाज ऐकला होता. तिचा नवरा बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणे, "मी जन्म घालवला बसखाली आडवा पडून आणि हिने घालवला आडात डोकावून. आमची नजरानजर व्हायची ती जेवताना."

बाई खमकी होती. चूक कोणाची चालवून घेत नसे आणि स्वतःची तर होतच नसे, असा तिचा पक्का समज होता. शिंप्याने बाही अर्धा इंच आखूड केली तर ती दुकानात उभी राहून त्याला पुन्हा मोजायला लावी. शेजारपाजारचे दबकून असत. तोंडावर कोणी बोलत नसे, पण पाठीमागे म्हणत, की ही बाई मेली तरी आधी खड्डा मोजून घेईल.

तर अशा या बाईच्या पदरात एक माप पडलं, त्याची ही गोष्ट.

गावाबाहेरच्या माळावर कपडे धुण्याचा कारखाना यायचा होता. धुण्याचा म्हणजे घरच्या धुण्याचा नव्हे. कोऱ्या जीन्सच्या पँटी धुऊन, घासून, दगडांबरोबर घुसळून जुन्यासारख्या करण्याचा. नवं कापड जुनं करायला कारखाना लागतो आणि जुनं झालं की लोक ते फेकून नवं आणतात. जगाची तऱ्हाच न्यारी, आपण काय बोलणार? पण त्या कारखान्यात दोनशे माणसांना काम मिळणार होतं, आणि त्या दोनशेंत टेपताईचा मुलगाही होता. तो आठ तासांच्या अंतरावर दुसऱ्या एका कारखान्यात मशीनवर होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन भाड्याच्या दीड खोलीत राहायचा. आजी म्हणजे फोनच्या काचेत दिसणारी बाई, एवढीच त्या पोरीची समजूत. नव्या कारखान्यात त्याला सुपरवायझरची जागा पक्की झाली होती. त्याने तिकडे राजीनामाही देऊन टाकला होता. वरच्या खोलीला रंग लागला होता. नवऱ्याने जुन्या बसच्या सीटची नळी कापून नातीसाठी खिडकीला आडवे गज बसवले होते. घरात सगळ्यांचा जीव त्या कारखान्याला टांगला होता.

एकच गोष्ट राहिली होती. कारखान्याला रोज चार लाख लिटर पाणी लागणार होतं आणि ते माळाच्या पोटातूनच उपसायचं होतं. खात्याचा नियम असा, की जवळच्या विहिरीची पातळी गेल्या तीन वर्षांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उतरली असेल तर नव्या उपशाला परवानगी नाही. माळाजवळची विहीर म्हणजे दगडी विहीर. तिची पातळी तीन वर्षांपूर्वी होती काठापासून चौदा मीटर साठ, आणि आता होती चौदा मीटर अठ्ठावन्न. म्हणजे उतरणं सोडाच, दोन सेंटिमीटर वरच. आकडे टेपताईच्या हातचे. त्यावर कोण शंका घेणार? शुक्रवारी सभागृहात गावासमोर सुनावणी व्हायची, खात्याचे साहेब दाखला वाचून दाखवणार, की झालं.

त्या आठवड्याच्या सोमवारी ती दगडी विहिरीवर गेली. मोजलं, लिहिलं. शेजारी रोपवालीची बाग होती. रोपवाली तिची जुनी मैत्रीण. रोपं, कुंड्या, खत विकायची. मोजणी झाली की तिच्याकडे चहा ठरलेला.

"आज किती?" रोपवालीने विचारलं.

"चौदा अठ्ठावन्न. जागच्या जागी आहे."

रोपवालीने नाक मुरडलं. "तुझं पाणी कागदावर जागच्या जागी असतं गं. माझं पाईपात उतरत चाललंय. या तीन वर्षांत बोअरमधली मोटर मी दोनदा खाली सोडली. परवा परत नुसती हवा ओढत होती."

"तुझी मोटर जुनी आहे."

"मोटर जुनी असेल, पाईप कसा लांबतो? आडात असतं तर पोहऱ्यात आलं नसतं का? कुठेतरी पाणी मुरतंय बघ. तुझ्या वहीतच मुरत असेल."

दुसरं कोणी असं बोललं असतं तर टेपताईने त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण मैत्रीण होती, आणि चहा तिचाच होता. ती नुसती हुं म्हणाली आणि कप घेऊन वाफ्याच्या कडेला एका दगडावर टेकली. तिथे घडीव दगडांची रांग होती, त्यांच्यावर कुंड्या मांडलेल्या. कप ठेवायला तिने शेजारच्या दगडावरची एक कुंडी सरकवली, तर खाली लाल रंग दिसला. बोटाने माती पुसली. लाल बाण होता. बाणाखाली आडवी रेघ आणि रेघेखाली खात्याचा आकडा, चार.

चार म्हणजे दगडी विहीर.

"हे दगड कुठले?" तिने विचारलं.

"विहिरीचेच की. कठड्याचं काम झालं तेव्हा ठेकेदार फेकून देत होता. मी म्हटलं, इकडे टाक, वाफ्याला होतील."

टेपताईने कप खाली ठेवला. हा बाण म्हणजे मापाची खूण होती. माप घ्यायचं ते या रेघेपासून. खूण कठड्याच्या अगदी वरच्या थरावर, काठाला लागून. तेव्हा कठडा छातीएवढा होता, रेघ आणि काठ एकच, म्हणून ती आपली काठापासून मोजायची. बाणाकडे बघायची गरजच पडत नसे. मग तीन वर्षांपूर्वी खात्याने विहिरी सुशोभित केल्या. कठड्याचे वरचे थर काढले, खालचा एक थर ठेवून त्यावर लोखंडी जाळी बसवली. दोन महिने काम चाललं, तेवढे दिवस मोजणी बंद. काम संपल्यावर ती आली आणि टेप सोडला, काठापासून. नव्या काठापासून. गुडघ्याएवढ्या काठापासून.

काठ खाली आला होता आणि तिने पाणी वर आलं असं लिहिलं होतं.

तिला घाम फुटला. हसू नका. ज्या बाईने बावीस वर्षं लोकांना अर्ध्या इंचासाठी धारेवर धरलं, तिच्या हातून जवळजवळ दोन हात सुटले होते, तोही तीन वर्षं. आणि सुटला कसा, हे तिला तिथल्या तिथे कळलं. त्याच वर्षी गावात शोषखड्डे खणले होते. छतांचं पाणी जमिनीत मुरवायची मोठी मोहीम झाली होती, तिने स्वतः घरोघर जाऊन लोकांना पटवलं होतं. एकोणीस वर्षं तिने विहिरीचं पाणी फक्त उतरताना पाहिलं होतं. दर सोमवारी थोडं खाली, अजून थोडं खाली. आणि मग त्या दिवशी टेपवर आलं तेरा मीटर ऐंशी. ऐंशी सेंटिमीटर वर. ती विहिरीवर एकटी उभी राहून रडली होती. इतक्या वर्षांनी आलेला चांगला आकडा खोटा आहे असं कोणाला वाटेल? तुम्हाला वाटलं असतं? खात्याने मोठा गाजावाजा केला, तिचा फोटो काढला, प्रशस्तिपत्र साहेबांच्या खोलीत काचेत लागलं. त्यानंतर आकडा परत घसरत गेला तेव्हा सगळे म्हणाले, चालायचंच, चढ-उतार असतात.

ती तडक ऑफिसात गेली. कपाटातून दगडी विहिरीची मूळ नोंदवही काढली. पहिलं पान कोणी कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, मापाची खूण जमिनीपासून एक मीटर बावीस. ती परत विहिरीवर गेली, नव्या काठाची उंची मोजली. चाळीस सेंटिमीटर. फरक ब्याऐंशी. म्हणजे आजचं खरं माप, जुन्या खुणेपासून, पंधरा मीटर चाळीस. तीन वर्षांत पाणी ऐंशी सेंटिमीटर उतरलं होतं. नियम अर्ध्या मीटरचा.

तिने बाकीच्या पाच विहिरीही त्याच दिवशी तपासल्या. तिथल्या खुणा जमिनीलगतच्या फरशीवर होत्या, शाबूत होत्या, आकडे बरोबर होते. चूक एकाच विहिरीत होती आणि ती नेमकी तीच विहीर होती.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. त्याने सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताई, पुढच्या महिन्यापासून नवी खूण करू. जमिनीपासून मोजा. मागचं मागे."

"साहेब, परवानगी मागच्यावरच तर मिळतेय."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही मोजलं, तुम्ही लिहिलं, खाली सह्या माझ्या. उघड केलं तर दोघंही तोंडावर पडू. आणि तुमच्या मुलाचं काम आहे ना तिथे? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिने काचेतल्या प्रशस्तिपत्राकडे पाहिलं. तिचा तो फोटो, हातात टेप, तोंड भरून हसू. त्या हसण्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग येत असे, आणि राग आला की ती कामाला लागत असे. असाच तिचा स्वभाव.

"साहेब, त्या पाण्यावर दोनशे माणसं कामाला लागतील. आणि चार-पाच वर्षांनी पाणी संपलं की दोनशेही घरी बसतील आणि गावाच्या नळालाही पाणी नसेल. तेव्हा कोणीतरी वही उघडून विचारेल, ही बाई कोण होती? मला आत्ताच विचारलेलं चालेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी अर्ज करते."

ती आवक-जावकच्या खिडकीवर गेली. साध्या कागदावर लिहिलं, की विहीर क्रमांक चारचं माप तीन वर्षं चुकीच्या ठिकाणाहून घेतलं गेलं, चूक माझी आहे, खरी पातळी सोबत जोडली आहे, शुक्रवारच्या सुनावणीत ती वाचली जावी. कारकुनाने वाचलं आणि वर पाहिलं.

"ताई, हे ठेवू की परत नेताय? अजून शिक्का मारला नाही."

"मार."

"एकदा मारला की—"

"माहीत आहे मला शिक्का म्हणजे काय ते. तुझ्या आधीपासून आहे मी इथे. मार."

त्याने शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोच दिली. मग ती आपल्या टेबलाशी बसली आणि तीन वर्षांच्या नोंदी एकेक करून दुरुस्त करू लागली. खाडाखोड नाही. चुकलेला आकडा तसाच ठेवायचा, शेजारी लाल शाईने खरा लिहायचा, खाली सही. दीडशेवर सोमवार होते. प्रत्येक आकड्यात ब्याऐंशी मिळवायचे. जिथे जिथे तिने पाणी वर आहे असं लिहिलं होतं तिथे तिथे ते खाली गेलं. दुपारी कोणीतरी चहा आणून ठेवला, तो साय धरून तसाच राहिला. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत तिने शेवटची सही केली. बोटं आखडली होती. मनावरचं ओझं उतरलं असेल असं तुम्हाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. खरं ओझं बुधवारी बसने यायचं होतं.

नवऱ्याला तिने मंगळवारीच सांगितलं. तो खिडकीच्या गजांना रंगाचा दुसरा हात देत होता. त्याने ब्रश डब्यात उभा केला.

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," तो म्हणाला. "पण सांगायचं तर तूच सांग. मी नाही सांगणार त्याला. माझ्यात नाही तेवढं."

"मीच सांगणार आहे."

"आणि हे गज?"

"लावा रंग. कधीतरी येतीलच ती."

मुलगा बुधवारी दुपारी आला, एकटाच. सुनावणी झाली की पुढच्या आठवड्यात बायको-मुलीला आणणार होता. जेवल्यावर तो वरच्या खोलीत गेला आणि मुलीचा पलंग कुठे बसेल ते वितींनी मोजू लागला. टेपताई दारात उभी राहिली. बाळा, बस जरा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते न म्हणता सरळ सगळं सांगून टाकलं. बाण, कठडा, ब्याऐंशी, अर्ज, शिक्का.

तो भिंतीशी वीत टेकवून तसाच राहिला.

"शिक्का मारून झाला?"

"हो."

"मला विचारायच्या आधी?"

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"तेच ना. म्हणूनच विचारलं नाहीस." त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "आई, बावीस वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. लहानपणी माझी पट्टी हलली तर तू कानाखाली लावायचीस. आणि नेमकी इथे चुकलीस? आत्ताच चुकत असशील. तेव्हाचं बरोबर असेल."

"आत्ताचं बरोबर आहे."

"तुला बरोबर असायची सवयच आहे," तो म्हणाला आणि खाली उतरून बाहेर निघून गेला. कुठल्यातरी मित्राकडे राहिला. गुरुवारी दिवसभर त्याचा पत्ता नव्हता. टेपताई ऑफिसात गेली, घरी आली, जेवायला बसली आणि तशीच उठली. नवरा म्हणाला, आपलेच दात, आपलेच ओठ, काय करणार? आपण बरोबर आहोत याचा त्या दिवशी तिला पहिल्यांदाच काही उपयोग वाटेना. पण अर्ज मागे घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही. हे ती पुढेही शपथेवर सांगे.

शुक्रवारी सभागृह भरून ओसंडत होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. निम्मे तर कामाच्या आशेने आलेले. व्यासपीठावर मधोमध सुनावणीच्या अध्यक्षबाई, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला कारखान्याची इंजिनिअर, केस आखूड कापलेली, हुशार दिसणारी मुलगी. साहेबांनी चष्मा दोनदा पुसला. मग, खरं सांगायचं तर त्यांनाही शाबासकी द्यायला हवी, त्यांनी दाखला बाजूला ठेवला आणि म्हणाले, "विहीर क्रमांक चारबद्दल आमच्या मोजणीदारांचा अर्ज आला आहे. त्यांनीच बोलावं."

टेपताई उठली. माइक घेतला नाही. तिच्या आवाजाला माइक लागत नसे.

"विहिरीचा कठडा तीन वर्षांपूर्वी ब्याऐंशी सेंटिमीटर उतरवला. मी तेव्हापासून नव्या काठावरून मोजत आले. त्यामुळे पाणी आहे त्यापेक्षा वर दिसलं. खरं पाणी तीन वर्षांत ऐंशी सेंटिमीटर उतरलंय. शोषखड्ड्यांनी ते वर आलं असं जे सगळीकडे सांगितलं, तेही खरं नाही. खड्डे चांगले आहेत, ते नसते तर आणखी उतरलं असतं, पण तेवढ्याने भागत नाही. चूक कठडा बांधणाऱ्याची नाही, साहेबांचीही नाही. मोजायचं काम माझं होतं. वही इथे आहे, कोणीही बघा."

सभागृहाला कंठ फुटला. तीन वर्षं झोपली होती का, कोणीतरी म्हणालं. आता कशी जाग आली. कोणाकडून काय घेतलं असेल. इंजिनिअरने वही मागून घेतली, लाल आकडे चाळले आणि पहिल्या पानावर बोट ठेवून थांबली. ती अध्यक्षबाईंना हळू आवाजात काहीतरी सांगत होती, तेवढ्यात मागून एक माणूस खुर्चीवर चढला.

"हिचं काय जातंय बोलायला? हिचा मुलगा बाहेर नोकरीला आहे. पोट आमचं जाणार."

टेपताईच्या जिभेवर उत्तर होतं, पण ते दिलं तर मुलाला चव्हाट्यावर आणल्यासारखं होईल, म्हणून ती गप्प राहिली. कधी नव्हे ते गप्प राहिली.

"बाहेर नाही, इथेच आहे मी," भिंतीशी उभ्या असलेल्यांतून आवाज आला. तिने वळून पाहिलं. मुलगा होता. दाढी वाढलेली, कपडे बुधवारचेच. "तो मुलगा मीच. माझी जागा होती या कारखान्यात. तिकडची नोकरी सोडून आलोय. आईने शिक्का मारल्यावर मला सांगितलं, आधी नाही. मी तिच्यावर भयंकर रागावलोय आणि घरी गेल्यावर भांडणार आहे."

कोणीतरी हसलं. तो हसला नाही.

"मला वाटलं, ती आत्ताच चुकतेय. ती चुकलेली असावी असं मला फार वाटत होतं. म्हणून काल दुपारी घरून तिचा टेप घेऊन मी विहिरीवर गेलो. पाच वेळा मोजलं. काठाची उंची मोजली, रोपवाल्या मावशींच्या बागेतला तो दगड पाहिला, त्यांच्या मोटरचे पाईप मोजले. कुठूनही मोजलं तरी पाणी तिथेच आहे, ती म्हणते तिथे." त्याने आईकडे पाहिलं. "मला दुसरा आकडा हवा होता. नाही मिळाला. बस, एवढंच."

तो खुर्चीवरचा माणूस खाली उतरला. त्यानंतर कोणी बाईच्या अंगावर आलं नाही. अध्यक्षबाईंनी इंजिनिअरला विचारलं, की आता काय. ती मुलगी सरळ बोलली. म्हणाली, असा उपसा केला तर आमचाच कारखाना कोरडा पडेल, हे आज कळलं ते बरं झालं. वापरलेलंच पाणी साफ करून परत फिरवता येतं, मग रोज चाळीस हजार लिटरमध्ये भागेल, पण सगळा आराखडा नव्याने करावा लागेल. दोन वर्षं जातील. मालक तयार होतील का, ते आज सांगू शकत नाही. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं, की सध्याच्या आराखड्याला परवानगी नाही, नवा आणावा. आणि दर सोमवारची मोजणी दोन माणसांनी करावी. लोक कुरकुरत पांगले. टेपताईला साहेबांनी सांगितलं, की चौकशी होईल, कदाचित बढती थांबेल. ती म्हणाली, थांबू दे.

घरी आल्यावर मुलगा खरंच भांडला. स्वयंपाकघरात, दार उघडं टाकून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. दोन वर्षं म्हणजे काय ते तुला माहीत आहे का, तो म्हणाला. परत जाऊन तिकडच्या साहेबाच्या हातापाया पडावं लागेल, की राजीनामा फाडा. बायकोने सामान बांधलंय, ते तिने परत सोडायचं. आणि दोन वर्षांनी तरी कारखाना येईल याची खात्री कोण देतो? पोरगी सहा वर्षांची होईल तोवर. सारखी विचारते, आजीकडे कधी जायचं. तिला काय सांगू, आजीने मोजून सांगितलंय की येऊ नका?

नवरा मध्ये बोलायला आला, तिने हातानेच थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. त्याचं बोलणं संपून नुसता श्वास राहिला तेव्हा ती म्हणाली,

"आकड्याबद्दल मी माफी मागणार नाही. तो आहे तो आहे. पण तीन वर्षं मी खाली न बघता मोजलं. चांगला आकडा आला म्हणून हुरळून गेले आणि बाण कुठे गेला ते पाहिलं नाही. तेव्हाच पाहिलं असतं तर तू राजीनामा दिला नसतास, तिने सामान बांधलं नसतं. चुकले मी. तुझं नुकसान मी केलं. माफ कर."

त्या घरात तिच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. नवऱ्याने तर लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही ऐकला नव्हता, तो दाराला धरून उभा राहिला. मुलाचे डोळे भरले. त्याने तोंड फिरवलं आणि म्हणाला, "माझा राग गेला नाही अजून."

"नको जाऊ दे," ती म्हणाली. "राग घेऊनच बस. पण जेवायला बस."